क्रँकचा स्ट्रोक आणि रॉडची लांबी : जोडी कशी निवडाल?

सातारा, कराड, फलटण, मिरज, विटा. या पट्ट्यातून इंजिनाबद्दल जे प्रश्न येतात, त्यांतले बरेचसे एकाच वळणाचे असतात. ‘पल्सरला स्ट्रोकर क्रँक घालायचाय, किती मिलिमीटर वाढवू?’ ‘बुलेटला लांब रॉड टाकला तर पिकअप वाढेल का?’ ‘जिप्सीत बलेनोचा क्रँक बसतो असं मेस्त्री म्हणतात, खरं का?’ सगळ्यांची सुरुवात क्रँकपासून होते. आमचं सांगणं असं, की क्रँकचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या. आधी गाडी कुठे पळणार ते ठरवा, मग इंजिन किती आरपीएमपर्यंत फिरवणार ते, मग पिस्टन आणि रॉड. एवढं पक्कं झालं की स्ट्रोकसाठी फारसे पर्याय उरतच नाहीत.

पहिला प्रश्न : गाडी सार्वजनिक रस्त्यावर येणार का?

याचं उत्तर ‘हो’ असेल, तर पुढचं वाचण्याआधी हे लक्षात घ्या.

- मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरची नोंद आणि कंपनीने दिलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. स्ट्रोक वाढवला की सीसी बदलते, आणि सीसी आरसीवर छापलेली असते.
- सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लागू केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए नुसार मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.
- अपघात झाला, तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दाव्याला हरकत घेऊ शकते. खरा धोका हाच आहे. दंड परवडतो, नाकारलेला दावा परवडत नाही.

त्याच मापाचा नवा क्रँक, नवं रॉडकिट, कंपनीच्या ओव्हरसाइज यादीतला पिस्टन ही दुरुस्ती झाली. ती बिनधास्त करा. दुसरं इंजिन चढवायचं असेल, तर साताऱ्यात, कराडात किंवा सांगलीत, तुमची नोंदणी जिथे आहे त्या परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलेलं काम नंतर होत नाही.

घाटात गाडी ओढत नाही, एवढीच तक्रार असेल तर क्रँकपर्यंत जाऊच नका. पसरणीचा किंवा कुंभार्लीचा घाट रोजचा असेल, तर मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं बसवून पाहा. थोड्या पैशांत चढाला गाडी ओढू लागते आणि आरसीवरच्या नोंदीला धक्काही लागत नाही. वरचा वेग थोडा कमी होतो, घाटात त्याची गरज नसते.

ट्रॅकवर, डर्टट्रॅकवर किंवा ड्रॅग स्पर्धेत गाडी पळवणार असाल, तर त्या स्पर्धेचे नियम आधी हातात घ्या. आपल्याकडच्या मोटारसायकल शर्यतींत १६५ सीसीपर्यंत, २६० सीसीपर्यंत असे गट असतात. उत्साहाच्या भरात केलेलं दीडशेचं इंजिन १७० सीसीचं झालं, की ते मोठ्यांच्या गटात जातं आणि तिथे मार खातं.

आपल्या भागाचं वैशिष्ट्य, आणि त्यातून होणारी गफलत

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी केली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना झाला. शेजारी कोल्हापूरचं उद्यमनगर आहे. त्यामुळे कुपवाड, मिरज, साताऱ्याच्या एमआयडीसीत क्रँक ग्राइंडिंग करणारे, लायनर बसवणारे आणि लेथवर हात बसलेले कारागीर सहज सापडतात.

पण बऱ्याच जणांचा हात शेतीपंपाच्या इंजिनावर बसलेला असतो. किर्लोस्करचं एव्ही-१ घ्या. बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी, फिरतं १५०० आरपीएमवर. त्यात पिस्टनचा सरासरी वेग निघतो सेकंदाला साडेपाच मीटर. जुन्या केटीएम ३९० चा स्ट्रोक फक्त ६० मिमी, पण ते ९००० आरपीएमवर पूर्ण ताकद देतं, म्हणजे वेग १८ मीटर. रॉडवर येणारा झटका आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पिस्टनच्या वजनाचा फरक बाजूला ठेवला, तरी वरच्या टोकाला पिस्टनला बसणारा प्रवेग केटीएममध्ये एव्ही-१ च्या जवळपास वीसपट भरतो. पंपाच्या इंजिनात खपून जाणारी चूक इथे रॉड केसबाहेर काढते.

म्हणून काम देताना ‘क्रँक करता का?’ एवढंच विचारू नका. ‘आठ-नऊ हजार आरपीएमच्या गाडीचा क्रँक केलाय का, आणि किती रनआउटवर सोडता?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आलं तर पुढे बोला.

पहिला हिशेब : पिस्टनचा वेग

सूत्र सोपं आहे. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, आरपीएमने गुणा, ६० ने भागा. ओळखीच्या इंजिनांचे आकडे, प्रत्येकाच्या कमाल ताकदीच्या आरपीएमवर:

- यामाहा आरएक्स १०० (५० मिमी, ७५०० आरपीएम) : १२.५ मीटर प्रति सेकंद
- जिप्सी १३०० एमपीएफआय (७५.५ मिमी, ६००० आरपीएम) : १५.१
- बुलेट ५०० यूसीई (९० मिमी, ५२५० आरपीएम) : १५.७५
- पल्सर २२० (६२.४ मिमी, ८५०० आरपीएम) : १७.७
- केटीएम ३९०, जुनं (६० मिमी, ९००० आरपीएम) : १८

ठोकताळा असा ठेवा. मूळ पिस्टन, मूळ रॉड असतील तर १८ च्या आत राहा. चांगला फोर्ज्ड पिस्टन आणि फोर्ज्ड रॉड असेल तर २०–२१ पर्यंत जाता येतं. त्यापुढचं काम शर्यतीच्या संघांचं, जे इंजिन दर थोड्या फेऱ्यांनी खोलून बघतात.

कंपन्या स्वतः काय करतात, ते पाहण्यासारखं आहे. २०२४ च्या ३९० ड्यूकमध्ये बोअर ८९ मिमीच ठेवून स्ट्रोक ६० वरून ६४ केला, सीसी ३७३ वरून ३९८ वर गेली. पण कमाल ताकदीचा आरपीएम ९००० वरून ८५०० वर आणला. हिशेब करा, पिस्टनचा वेग १८.१, म्हणजे होता तिथेच. वाढवलेल्या स्ट्रोकची किंमत त्यांनी आरपीएम कमी करून चुकवली. पल्सरमध्ये बजाजने ६७ मिमीच्या त्याच बोअरवर स्ट्रोक ५६.४ वरून ६२.४ केला, म्हणून २०० ची २२० झाली. रॉयल एनफिल्डने मात्र ५०० ची ५३५ करताना ९० मिमीच्या स्ट्रोकला हात लावला नाही. बोअर ८४ वरून ८७ केला. आधीच लांब स्ट्रोकचं इंजिन आणखी लांब करण्यात राम नाही, हे त्यांनी ओळखलं. बुलेटवाल्यांनी यातून घ्यायचं ते घ्यावं.

दुसरा हिशेब : उंची

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. क्रँक येतो, केसमध्ये बसतो, आणि हेड लावताना कळतं की पिस्टन ब्लॉकच्या वर आलाय.

क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या कडेपर्यंतच्या उंचीत तीन गोष्टी मावायला हव्यात : स्ट्रोकचा अर्धा भाग, रॉडची मध्य-ते-मध्य लांबी, आणि गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची. आकडे समजण्यापुरते घेऊ. ब्लॉकची उंची १५० मिमी, स्ट्रोक ५६.४, रॉड १०० मिमी, पिनची उंची २१ मिमी. बेरीज २८.२ + १०० + २१ = १४९.२. पिस्टन ०.८ मिमी खाली थांबतो. ठीक.

आता स्ट्रोक ६२.४ करा. अर्धा झाला ३१.२, बेरीज १५२.२. पिस्टन २.२ मिमी वर. मूळ जागेवर आणायला ३ मिमी कुठून तरी काढायलाच हवेत. वाटा तीनच आहेत :

- पिस्टन बदला. पिनची उंची १८ मिमीचा पिस्टन शोधा. रॉड तसाच राहतो. आमची पसंती यालाच. मात्र पिन फार वर गेली की ऑइलरिंगची खाच पिनच्या भोकात घुसते, तेवढी उंची कमी करू नका.
- रॉड आखूड करा. ९७ मिमीचा रॉड. पिस्टन तोच राहतो, पण रॉडचा कोन वाढतो आणि खाली येताना पिस्टनचा स्कर्ट क्रँकच्या वजनांना लागण्याची भीती असते.
- ब्लॉकखाली ३ मिमीची प्लेट घाला. सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत लोकप्रिय. कॅम वर असलेल्या इंजिनात टायमिंग चेन अपुरी पडते आणि कॅमचं टायमिंग सरकतं. बुलेटमध्ये पुशरॉड आखूड पडतात. या दोन गोष्टींची सोय केल्याशिवाय प्लेट घालू देऊ नका.

याच हिशेबात कॉम्प्रेशनही पाहा. १९८.८ सीसीला कॉम्प्रेशन ९.५ असेल, तर हेडमधली जागा २३.४ सीसी. तीच जागा ठेवून २२० सीसी केलीत, की कॉम्प्रेशन १०.४ वर जातं. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, एप्रिलच्या उन्हात, दोघांना बसवून चढ चढताना असं इंजिन खडखडायला लागतं. पिस्टनचं डोकं किंवा हेडची खोली त्या बेताने ठेवा.

रॉड रेशोचं वेड किती लावून घ्यायचं?

रॉडची लांबी भागिले स्ट्रोक म्हणजे रॉड रेशो. बहुतेक इंजिनांत तो १.५ ते २ च्या दरम्यान असतो. लांब रॉडने ताकद वाढते, असा समज फार पसरलाय. आकडे तसं सांगत नाहीत. रेशो १.६ वरून १.८ नेला, तर वरच्या टोकाला पिस्टनला बसणारा प्रवेग जेमतेम पावणेतीन टक्के कमी होतो. त्याच इंजिनाचा आरपीएम ८००० वरून ९००० केला, तर तो २७ टक्क्यांच्या आसपास वाढतो. एवढ्याशा फायद्यासाठी लांब रॉडच्या मागे धावून, मग वरचे हजार आरपीएम मोकळे सोडण्यात अर्थ नाही.

रेशोचा खरा परिणाम बोअरच्या झिजेवर दिसतो. रेशो १.५ असेल तर रॉड जास्तीत जास्त साडेएकोणीस अंश कलतो, १.७५ ला साडेसोळा. जितका कल जास्त, तितका पिस्टन बोअरच्या भिंतीवर जास्त रेलतो. ब्लॉक उतरवल्यावर भिंतीच्या एका बाजूला उभे ओरखडे आणि समोरच्या बाजूला होनिंगच्या रेघा अजून ताज्या दिसल्या, की ते त्याचंच चिन्ह. म्हणून रस्त्याच्या गाडीत १.६ च्या खाली शक्यतो उतरू नका. फक्त ड्रॅगसाठी बांधत असाल तर १.५ नेही भागतं.

स्ट्रोक प्रत्यक्षात वाढतो कसा?

एकसंध क्रँक, म्हणजे जिप्सी, बलेनो, जीप वगैरेंचा, ऑफसेट ग्राइंड करता येतो. रॉडची जर्नल बारीक करताना तिचा मध्य बाहेर सरकवायचा. जर्नल ४४ मिमीची ४० केली, तर स्ट्रोक जास्तीत जास्त ४ मिमी वाढतो. मग ४० मिमीला बसणारा रॉड आणि बेअरिंग आधी हातात हवं. ग्राइंडिंग झाल्यावर जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई मूळइतकी आहे का, ते बोट फिरवून नव्हे, रेडियस गेजने बघा. क्रँक तुटतो तो याच कोपऱ्यातून. वरचा कडक थर निघून गेला असेल तर पुन्हा नायट्रायडिंग करून घ्या.

सिंगल सिलेंडर मोटारसायकलचा क्रँक जोडणीचा असतो : दोन चकत्या, मध्ये प्रेस केलेली पिन. इथे ऑफसेट पिन घालतात किंवा पिनचं भोक सरकवून करतात. भोक सरकवलेला क्रँक आम्ही सुचवणार नाही. प्रेसची पकड मायक्रॉनच्या हिशेबावर असते. ती एकदा ढिली झाली, की पिन वळते आणि क्रँक वाकडा होतो.

क्रँक ट्रू होताना स्वतः उभे राहा. क्रँक व्ही-ब्लॉकवर किंवा दोन सेंटरमध्ये ठेवतात, दोन्ही शाफ्टांवर डायल गेज लावतात आणि हळूहळू फिरवतात. काटा किती डुलतो ते बघायचं, तोच रनआउट. कारागीर खडूने जागेवर खूण करतो, पितळी हातोडीचा एक ठोका देतो, पुन्हा फिरवतो. सुरुवातीला काटा ०.०८ मिमी डुलत असेल. चांगला हात तो ०.०२ ते ०.०३ वर आणतो आणि मगच क्रँक खाली ठेवतो. ०.०५ च्या वर असेल तर घरी आणू नका. आठ हजार आरपीएमला तो फरक हँडलवर हाताला मुंग्या आणतो आणि मेन बेअरिंग लवकर खातो.

सिंगल सिलेंडरमध्ये आणखी एक गोष्ट. पिस्टन आणि रॉडचं वजन बदललं, की क्रँकच्या वजनांचा आणि केटीएमसारख्या इंजिनात बॅलन्सर शाफ्टचाही मेळ बिघडतो. जुन्या आणि नव्या पिस्टन, पिन, रिंगा, रॉड यांची वजनं ग्रॅममध्ये लिहून बॅलन्सिंगवाल्याला द्या. चार सिलेंडरच्या इंजिनात चारही रॉडचे मोठे आणि लहान डोळे वेगवेगळे तोला. एका ग्रॅमच्या आत आणा.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी

आरएक्स किंवा आरडीत स्ट्रोक, रॉड किंवा ब्लॉकखालची प्लेट बदलली, की पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते. क्रँककेसमधली जागा वाढली, तर खालचं कॉम्प्रेशनही घटतं. पोर्टची मापं नव्याने काढणारा माणूस हाताशी नसेल, तर थांबा. आरएक्स १०० आणि १३५ दोघांचा स्ट्रोक ५० मिमीच आहे. फरक बोअरचा, ५० आणि ५८. यामाहानेही ताकद त्याच वाटेने काढली.

इंजिन बांधताना हे चुकवू नका

- हेड बसवण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. रॉड केसला, ऑइलपंपाला, पिस्टनचा स्कर्ट वजनांना कुठेही दीड मिमीपेक्षा जवळ येता कामा नये.
- पिस्टनच्या डोक्यावर मऊ माती ठेवून हेड आवळा, फिरवा, उघडा. जिथे व्हॉल्व्हने माती दाबलीय तिथली जाडी मोजा. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिमी तरी हवी.
- रॉडबोल्ट नवेच घ्या. टॉर्क रेंचशिवाय आवळू देऊ नका.
- ‘फोर्ज्ड’ म्हणून विकला जाणारा रॉड क्रॅक टेस्ट आणि हार्डनेस टेस्ट करून घ्या. वालचंद, कराडचं शासकीय महाविद्यालय अशा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मटेरियल प्रयोगशाळेत किंवा एमआयडीसीतल्या फोर्जिंगवाल्यांकडे चौकशी करा.

पावती आणि तुमचे हक्क

‘आपलाच माणूस आहे, बिल कशाला?’ इथेच ग्राहक अडकतो. काम देताना लिहून घ्या : कोणतं काम, किती मापावर, किती पैसे, कधीपर्यंत. काढलेले जुने भाग परत मागा, ते तुमचे आहेत. जर्नल, बोअर, रनआउट यांची मापं पावतीवरच टिपायला सांगा.

पैसे देऊन घेतलेल्या कामात कसूर झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही, तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण रस्त्यावरच्या गाडीत बेकायदा फेरफार तुम्हीच करून घेतला असेल, तर तुमची बाजू तिथेही लंगडी पडते.

आमचा कौल

बुलेट : स्ट्रोकला हात लावू नका. क्रँक ट्रू करून घ्या, चांगला रॉड घाला. पल्सर, स्पर्धेसाठी : गटाची सीसी मर्यादा बघून, पिनची उंची कमी असलेल्या पिस्टनसह. जिप्सी : बलेनोच्या १.६ लिटर इंजिनाचा स्ट्रोक ९० मिमी आहे, पण त्याचा ब्लॉकही वेगळा आणि उंच आहे. ७५.५ मिमी स्ट्रोकच्या १३०० च्या ब्लॉकमध्ये नुसता क्रँक कोंबायचा विचार सोडा. फॉर्म्युला भारत स्पर्धेची तयारी करणारे विद्यार्थी : मर्यादा ७१० सीसी असली, तरी पेट्रोल इंजिनाला हवा २० मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधूनच मिळते. वाढवलेल्या स्ट्रोकने मधल्या आरपीएमचा टॉर्क वाढेल, वरची ताकद नाही. तेवढाच वेळ इनटेक आणि ट्युनिंगला दिलात तर गुण जास्त मिळतील.

ऑर्डर देण्याआधी एका कागदावर पाच आकडे लिहा : कमाल आरपीएम, पिस्टनचा वेग, उंचीची बेरीज, कॉम्प्रेशन आणि रॉड रेशो. तो कागद मेस्त्रींसमोर ठेवा आणि दोघांचं एकमत झाल्यावरच इंजिन उघडा.